न दिलेली जागा आणि दुसरे शील

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात तासभर वर्ग चालतो. वस्तीतील बायामाणसे, मुले, कधी दोन-चार म्हातारी मंडळी बसतात आणि मी माझ्या अल्पमतीप्रमाणे पंचशीलाचा अर्थ सांगतो. गेल्या महिन्यात दुसऱ्या शीलावर बोलत होतो. जे आपल्याला दिलेले नाही ते घ्यायचे नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. मी वजनात काटा मारण्याचे उदाहरण दिले, शाळेच्या खडूचे दिले. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, दर रविवारी आम्ही हे तोंडाने म्हणतो. अन् आमचं घर तर सरकारी जागेवर. ना उतारा, ना पावती. ही जागा आम्हाला कुणी दिली होती? मग आमचं शील रोजच मोडतं की!"

काही जण हसले. मावशी हसल्या नाहीत. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी दोन मुली शिकवल्या. कुणाच्या घरातील सापडलेली अंगठी जशीच्या तशी परत देणारी ही बाई. दीक्षा घेतल्यापासून शील हा त्यांच्या जिवाचा विषय झाला आहे. अशा माणसाने विचारलेल्या प्रश्नाला "जाऊ द्या हो, सगळेच तसे राहतात" असे उत्तर देता येत नाही. मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "मावशी, मला वेळ द्या." त्या वेळात जे वाचले आणि जो विचार केला, तो धम्मबंधू आणि भगिनींपुढे ठेवतो.

प्रथम शील काय मागते ते पाहू. चोरी कशाला म्हणावे याचा विचार आपल्या अट्ठकथांनी बारकाईने केला आहे. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असली पाहिजे, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, मनात चोरीचा हेतू पाहिजे, त्यासाठी प्रयत्न झाला पाहिजे आणि त्या प्रयत्नाने वस्तू हलली पाहिजे. या पाच गोष्टी जुळल्या म्हणजे शील मोडले. मावशींच्या बाबतीत हेतू कुठे आहे? डोक्यावर छप्पर हवे, कामाची घरे चालत जाण्याच्या अंतरावर हवीत, एवढीच त्यांची इच्छा. ती चोराची इच्छा नव्हे.

परंतु येथेच थांबलो तर ती स्वतःला दिलेली स्वस्त माफी होईल. सार्वजनिक जागा सर्वांची, म्हणून माझीही, असे म्हणणे सोपे आहे. पण सर्वांची म्हणजे माझ्या एकट्याची नव्हे. नाल्याचे पात्र, शाळेसाठी राखलेले मैदान, अग्निशमनाची गाडी जाण्याची वाट, ही सर्वांची आहेत म्हणूनच ती कुणा एकाने अडवू नयेत. आणि आपल्याच वस्त्यांत असे लोक आहेत की जे राहतात एका झोपडीत आणि दहा झोपड्या बांधून भाड्याने लावतात, नव्याने आलेल्या कुटुंबाकडून पागडी घेतात. तो आपल्या जातीचा असो, आपल्या समितीचा असो, त्याने दुसरे शील मोडले आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मावशींचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. कारण न दिलेले घेतले का, हा प्रश्न अर्धाच आहे. देणे ज्याचे कर्तव्य होते त्याने दिले का, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद नावाचे सुत्त आहे. त्यातील कथा प्रत्येक नगरसेवकाने वाचावी अशी आहे. एक राजा राज्याचे रक्षण नीट करतो, पण गरिबांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून एक माणूस चोरी करतो. त्याला राजापुढे आणतात. जगण्याचे साधन नाही म्हणून चोरी केली, असे तो सांगतो. राजाला दया येते आणि तो त्याला धन देतो. ही बातमी पसरते. चोरी केली की राजा धन देतो, असे लोक समजतात आणि चोऱ्या वाढतात. मग राजा घाबरतो, धोरण बदलतो आणि पुढच्या चोराचे मस्तक उडवतो. ते पाहून लोकही शस्त्रे करतात. हिंसा वाढते, खोटे बोलणे वाढते, माणसाचे आयुष्यच घटत जाते.

या राजाने दोन चुका केल्या. अगोदर सर्वांना द्यायचे ते दिले नाही, आणि चोरी झाल्यावर एकेकट्याला दिले. ही पहिली चूक. तिचा परिणाम दिसू लागल्यावर तलवार उचलली. ही दुसरी. कूटदन्त सुत्तात याच प्रश्नाचे योग्य उत्तर आहे. तेथे राजाचा पुरोहित सांगतो की गुन्हे दंडाने थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या, म्हणजे लोक आपापल्या कामाला लागतील आणि राज्य शांत होईल. थोडक्यात, द्यायचे ते वेळेवर आणि अगोदर दिले पाहिजे.

आता हे माप हाती घेऊन आपण मुंबईकडे पाहू. एखादे शहर गरिबाला घर कसे देते, त्याचा पैसा कोठून आणते, हे आपल्या लोकांना कुणी समजावून सांगत नाही. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्यांत माणसे मरू लागली तेव्हा सरकारला गरिबाच्या घराची आठवण झाली. १८९८ साली मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने रस्ते रुंद केले, जुनी घरे पाडली आणि काही चाळी बांधल्या. त्याच बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवणारा माणूस सार्वजनिक मंडळाने बांधलेल्या चाळीतून निघाला, हे आपण विसरू नये. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या दोन खोल्यांतून काय उभे राहू शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

पुढे १९२० साली सरकारने विकास खाते काढले. त्याच्या बी.डी.डी. चाळी वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे उभ्या राहिल्या. बेत ५० हजार खोल्यांचा होता. पैसा कर्जातून उभा केला आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या, एकेका चाळीत ८० खोल्या, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. एक खोली १६० चौरस फुटांची. आणि गंमत पाहा, घरांची एवढी टंचाई असताना सुरुवातीला यांतील अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. खर्च जास्त झाला, त्यामुळे भाडे चढे ठेवावे लागले. गिरणीपासूनचे अंतर, उजेड, वारा यांचा विचार कमी झाला होता. खोल्या किती, हे मोजले होते. मजुराचा पगार किती, हे मोजले नव्हते.

त्याच दशकात युरोपातील व्हिएन्ना शहराने दुसरा मार्ग धरला. तेथील नगरपालिकेने १९२३ साली खास घरबांधणीचा कर बसवला. ह्यूगो ब्रायटनर हे तेथील अर्थकारभार पाहत. कर सर्व घरांवर होता, पण चढत्या भाजणीने. मजुराच्या खोलीवर नाममात्र, हवेलीवर जबर. सर्वांत महाग अशा जेमतेम अर्धा टक्का घरांनी एकूण करापैकी ४० टक्क्यांहून अधिक रक्कम भरली. त्या पैशातून १९३४ पर्यंत सुमारे ६० हजार घरे झाली. कर्ज काढून बांधली नसल्यामुळे भाड्यातून कर्ज फेडायचे नव्हते. भाडे फक्त देखभालीपुरते ठेवता आले आणि ते मजुराच्या मिळकतीचा अगदी लहान भाग होते. कार्ल मार्क्स होफ या एकाच संकुलात तेराशेहून अधिक घरे, सोबत धुलाईघर, स्नानगृहे, बालवाडी, वाचनालय. आजही त्या शहराची स्वतःची दोन लाखांहून अधिक घरे आहेत आणि लोक त्यांत भाड्याने राहतात. व्हिएन्नात सगळे गोड होते असे नाही. १९३४ च्या यादवीत याच इमारतींवर तोफा डागल्या गेल्या. पण पैसा कोणाकडून घ्यायचा आणि घर कोणाला द्यायचे हे त्या शहराने अगोदर ठरवले होते.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर काय झाले? गिरण्या, गोद्या, कारखाने यांना माणसे हवी होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला गावात जमीन नव्हती, इज्जत नव्हती. खेड्याला कवटाळून बसू नका, हा बाबासाहेबांचा उपदेश त्याच्या कानावर होता. तो शहरात आला. शहराने त्याचे श्रम घेतले, पण त्याच्यासाठी जागा राखली नाही. मग त्याने नाल्याकाठी, डोंगरउतारावर, रुळाशेजारी झोपडी घातली. १९७१ साली राज्याने झोपडपट्टी कायदा केला. १९७६ साली झोपड्यांची गणना करून फोटोपास दिले. १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले, पण रीतसर नोटीस देऊन झोपडी हटवता येते हेही मान्य केले.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. तिचा हिशेब नीट समजून घ्या, कारण आज आपल्यापैकी बहुतेकांचे घर त्यावरच अवलंबून आहे. या योजनेत सरकारी तिजोरीतून घराचा खर्च होत नाही. एखाद्या जमिनीवर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण ठरलेले असते, त्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घरे बांधून द्यायची आणि बदल्यात त्याला जास्तीचे चटई क्षेत्र मिळते. त्यावर तो विकाऊ घरे बांधतो आणि नफा काढतो. घर आरंभी २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ आणि नंतर ३०० झाले.

यात गरिबाला काहीच मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. पक्के छप्पर, घरात नळ, घरात संडास ही लहान गोष्ट नव्हे. ज्या बाईने पहाटे अंधारात बाहेर जाण्यासाठी जन्म घालवला तिला विचारा. पण योजना नफ्यावर चालते, त्यामुळे जेथे जमीन महाग तेथे बिल्डर धावत येतो. जेथे जमीन स्वस्त किंवा वस्ती अवघड उतारावर, तेथे वीस-वीस वर्षे कुणी फिरकत नाही. आणि जेथे येतो तेथे गरिबांच्या इमारती इतक्या लगटून बांधल्या जातात की खालच्या मजल्यावर दिवसा दिवा लावावा लागतो. हे घर फुकट म्हटले जाते. त्याची किंमत जमिनीत, उजेडात आणि दाटीत चुकवावी लागते, एवढेच.

आणि मग येते ती तारीख. १ जानेवारी १९९५ पर्यंतची झोपडी पात्र, पुढची अपात्र. नंतर ती तारीख २००० झाली, पुढे २०११ पर्यंतच्या झोपड्यांना पैसे भरून घर देण्याचे ठरले. शहाणी माणसे विचारतात, तारीख नको तर काय? रोज नव्या झोपड्या उभ्या राहतील! त्यांची भीती खोटी नाही. पण सुत्तातील राजाची आठवण करा. अगोदर न देता, झोपडी घातल्यावर देणे ही त्याची पहिली चूक आपण करतो. त्यामुळे झोपडी हाच घराचा एकमेव रस्ता ठरतो. आणि तारखेनंतर आलेल्यावर बुलडोझर घालतो, ही त्याची दुसरी चूक. दोन्ही चुका एकाच कागदावर लिहून त्याला आपण धोरण म्हणतो.

अगोदर देणे शक्य नाही काय? शक्य आहे, आणि याच शहराने ते करून दाखवले आहे. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने चारकोप, गोराई, मालवणी येथे मोकळ्या जमिनीवर रस्ते, पाणी, गटारे घालून लहान लहान भूखंड अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना दिले गेले. काही भूखंड चढ्या दराने विकून त्या पैशाने लहान भूखंडांची किंमत खाली आणली. लोकांनी ऐपतीप्रमाणे हळूहळू घर वाढवले. तेथे कुणाला चोर व्हावे लागले नाही. पुढे ही वाट सोडून दिली गेली.

पैसा नाही, हेही पटत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९२ साली, घटनेला बारावी अनुसूची जोडली. तीत नगररचना, झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन ही नगरपालिकांकडे सोपवायची कामे म्हणून लिहिली आहेत. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत या शहरातील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत होते, आणि त्याच गणनेत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. विकत घेऊन कुलूप लावून ठेवलेल्या घरावर चढा कर बसवला, मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात गरिबांसाठी २० टक्के राखण्याचा जो नियम आहे तो पळवाटा बुजवून पाळला, आणि सार्वजनिक जमीन विकण्याऐवजी भाड्याच्या घरांसाठी ठेवली, तर अगोदर देण्याचा मार्ग पुन्हा सुरू होईल. मावशींच्या झोपडीवर अदिन्नादानाचा ठपका ठेवण्यापूर्वी या कुलूपबंद घरांचाही विचार व्हावा.

येथे मला माझ्या घराचे सांगितले पाहिजे, कारण देणाऱ्याने दिले तरी कसे दिले हाही नीतीचा प्रश्न आहे. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. आम्हाला पालिकेची खोली होती. दहा बाय बारा, भिंतीला ओल, पण पक्की. नोकरी आहे तोवर खोली. वडील निवृत्त होण्याच्या वर्षी घरात सभा भरली. सफाई कामगाराच्या वारसाला त्याच कामावर घेण्याची सोय लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनी झालेली होती. मुलाने झाडू हाती घेतला तर खोली राहते, नाही घेतला तर सामान रस्त्यावर. दादा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. गणितात माझ्यापेक्षा हुशार. तो म्हणाला, "धाकट्याचं शिक्षण होऊ द्या, मी लागतो कामाला." दुसऱ्या दिवसापासून त्याने पुस्तके बांधून माळ्यावर टाकली. त्या खोलीच्या दिव्याखाली मी बी.ए., बी.एड. झालो, मास्तर झालो. घराण्यात पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा दादा रात्रपाळी करून आला होता आणि शेवटच्या रांगेत बसला होता.

ती सोय करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. वारसाला नोकरी मिळाली नसती तर आम्ही खरोखर उघड्यावर आलो असतो. पण ज्या घराची किल्ली झाडूला बांधलेली आहे ते घर माणसाला जातीच्या कामातून सुटू देत नाही. धर्म बदलला, नाव बदलले, देव्हारा काढला, आणि घर टिकवायचे म्हणून पुढच्या पिढीने पुन्हा तेच काम करायचे! दीक्षेने जी गाठ सोडवली ती राहत्या घराने पुन्हा बांधली. म्हणून मला वाटते, घर हे कामाचे बक्षीस असू नये आणि दयेची भीकही असू नये. शहर चालवण्यात ज्याचे श्रम लागतात त्याला त्या शहरात राहण्याचा हक्क असावा आणि त्यासाठी त्याला आपल्या मुलाचे भविष्य गहाण ठेवावे लागू नये. मी दादाचे ऋण फेडू शकत नाही. निदान हे लिहू तरी शकतो.

आता मावशींना उत्तर देतो. मावशी, तुमचे शील मोडलेले नाही. तुम्ही कुणाचे हिरावले नाही. जे तुम्हाला अगोदर मिळायला हवे होते त्याची वाट न पाहता तुम्ही जगलात. पण शील तेथे संपत नाही, तेथून त्याचे काम सुरू होते. वस्तीतील वाट आणि गटार अडवू नये. एका घरापेक्षा अधिक धरू नये. उद्या इमारतीत घर मिळाले तर ते विकून पुन्हा दुसऱ्या उतारावर जाऊ नये, कारण मग तुमच्या मुलींना पुन्हा येथूनच सुरुवात करावी लागेल. सोसायटीची वर्गणी वेळेवर भरावी आणि तिच्या सभेला पुरुषांच्या मागे न बसता हिशेब विचारावा. मांग, चर्मकार, मुसलमान, परप्रांतीय अशा कुणालाही आपल्या मजल्यावर घर नाकारू नये. आपल्याला आडनाव विचारून घर नाकारणाऱ्यांची चीड येते ना? तर मग ती रीत आपल्या जिन्यावर नको.

आणि एक काम सर्वांनी मिळून करण्याचे आहे. शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा प्रत्येक नागरिकाला हरकती व सूचना देण्याचा कायदेशीर हक्क असतो. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याचा मसुदा लोकांच्या हरकतींमुळे मागे घ्यावा लागला आणि नव्याने करावा लागला. म्हणजे साध्या कागदावर लिहिलेल्या अर्जातही बळ असते. परंतु आपल्या वस्तीतून असे अर्ज किती जातात? आपण मोर्चाला हजारोंनी जातो, नकाशा वाचायला मात्र कुणी बसत नाही.

गेल्या रविवारी मी हे सगळे वर्गात सांगितले. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, आम्ही मागायचं ते अगोदर मागायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "होय मावशी, आणि ज्यांच्या झोपड्या अजून उभ्या राहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठीही आपणच मागायला पाहिजे." येत्या रविवारी वंदनेनंतर आमच्या वॉर्डाचा आराखडा विहाराच्या भिंतीवर लावणार आहोत. शाळेसाठी, दवाखान्यासाठी आणि घरांसाठी राखलेली जागा कोणती, आणि तिच्यावर आज काय उभे आहे, हे मुलांनी शोधून रंगवायचे आहे. मावशींच्या धाकट्या मुलीने रंगपेटी आणण्याचे कबूल केले आहे.